कडक ब्लॅकआउट

लाइटमामा स्वतःच्या बायकोला 'सिस्टर' म्हणायचे. त्यावरून आयुष्यभर लोकांचे गोंधळ उडाले, तरी त्यांनी ती सवय सोडली नाही. सोडणार तरी कशी? बाळंतपणाच्या वॉर्डात बाईंनी सगळी नोकरी काढली, गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडली, म्हणून गल्ली त्यांना सिस्टर म्हणू लागली. पुढेपुढे तर घरात खऱ्या नावाने हाक मारली तरी त्या वळून बघेनात. एकदा बँकेत मामा म्हणाले, "सिस्टर, इथे सही कर," तर काउंटरवरचा माणूस घाईघाईने म्हणाला, "काका, बहिणीची नाही चालणार. मिसेसना आणा." मामा म्हणाले, "हीच मिसेस. मी फक्त शिस्त पाळतो." मागची रांग हसली आणि सिस्टरनी सही करता करता नवऱ्याच्या पायावर पाय दिला.

मामांचं नावही असंच कमावलेलं. शहरातल्या जुन्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या डोक्यामागे एक काचेची खोली असते, तिच्यात बसून त्यांनी जन्मभर दिवे चालवले. नट आले, मोठे झाले, विसरले गेले. मामा आपल्या जागी. उजेडाचा विषय निघाला की त्यांच्या नाकावर माशी बसत नसे. कुणाकडे चहाला गेले तर आधी छताकडे बघणार, मग यजमानाकडे. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले, तेव्हा दिवाणखान्यातला दिवा बघून म्हणाले, "इतका पांढराफटक? इथे ऑपरेशनं करता का?" लेकीच्या सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

पण खरी कीर्ती होती ब्लॅकआउटची. प्रवेशाचं शेवटचं वाक्य संपतं आणि रंगमंचावर एकदम अंधार होतो, त्याला म्हणायचं ब्लॅकआउट. तसा तो कुणीही करेल, बटण दाबायला अक्कल लागत नाही. मामांचा अंधार मात्र शेवटच्या अक्षराला चिकटून यायचा. जरा उशीर नाही, जरा घाई नाही. क्षणभर सगळं थिएटर श्वास धरून बसायचं आणि मग टाळ्या पडायच्या. त्या आपल्यालाच आहेत असं नटांना वाटायचं, आणि मामा मोठ्या मनाने त्यांना तसं वाटू द्यायचे.

शेवटी गुडघ्यांनी शिडी चढायला साफ नकार दिला, तेव्हा मामा कायमचे घरी आले. घरी तोवर सिस्टरचं राज्य पक्कं झालेलं होतं.

त्या राज्याची राजधानी म्हणजे बाहेरच्या खोलीतला फिशटँक. मामांचे प्रयोग संध्याकाळचे. सिस्टर ड्युटीवरून यायच्या तेव्हा घर रिकामं, म्हणून त्यांनी कधीतरी हा टँक घेतला आणि वॉर्डाच्या शिस्तीने सांभाळला. नळाचं पाणी आदल्या दिवशी काढून ठेवायचं, हात धुतल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, खाणं ठरल्या वेळेला. मामा जेवले की नाही हे विचारायचं एखादवेळी राहून जाई, मासे कधी उपाशी राहिले नाहीत. सध्या टँकात एक नवी जमलेली एंजल माशांची जोडी होती, चंदेरी अंगाची, काळ्या पट्ट्यांची, लांब पंख पसरून संथ फिरणारी. आणि तळाशी काच चाटत हिंडणारा एक सकर मासा, ज्याचं कुणाशीच काही वाकडं नव्हतं.

सिस्टरची आता एकच हौस उरली होती. या जोडीची पिल्लं बघायची. "इतकी बाळंतपणं केली," त्या म्हणायच्या, "पण सगळी धावपळीत. एक तरी निवांत खुर्चीत बसून बघू दे. ओरडणं नाही, दाराशी नातेवाईक नाहीत."

टँकावर एक जुनी ट्यूब होती. ती लुकलुकायची, चुरचुरायची आणि मामांच्या मस्तकात जायची. लेक दुसऱ्या गावाहून सुट्टीला आली, तेव्हा एक खोका घेऊन आली. "टँक आईचा, दिवे बाबांचे," ती म्हणाली. "दोघांना मिळून एकच भेट. भांडायचं नाही."

खोक्यात दिव्यांच्या दोन लांब पट्ट्या होत्या, तळहाताएवढी पडदा असलेली एक पेटी, पाण्यात सोडायची तापमापीची वायर, आणि हीटर, फिल्टर, हवेचा पंप जोडायला सॉकेटांची एक रांग. कधी काय चालू होईल, कधी बंद होईल, कुठला दिवा किती पेटेल, सगळं त्या पेटीला सांगून ठेवायचं. फोनवरूनही सांगता येतं. मामांनी चष्मा पुसला.

"रंग किती?"

"चार. पांढरा, लाल, हिरवा, निळा."

"बस झाले. एवढ्यात मी सूर्य उगवून दाखवतो."

"उगवायची गरज नाही, बाबा. यात आयता दिवस भरलेला आहे. हे बटण दाब, सकाळ, दुपार, संध्याकाळ आपोआप."

मामांनी लेकीकडे असं पाहिलं, जणू जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला कुणीतरी खानावळीचा डबा लावायला सांगितलं असावं. "आयता दिवस? मी आयत्यावर बसणारा माणूस वाटलो तुला?"

झालं. बटण राहिलं बाजूला. लेक हसत हसत आपल्या गावी गेली, आणि मामांनी हत्यारांची पेटी काढली.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मामांनी पट्ट्या झाकणाच्या आतून बसवल्या, काचेपासून जरा उचलून, म्हणजे गरम होणार नाहीत आणि वाफेने भिजणार नाहीत. प्रत्येक वायरीला सॉकेटाच्या खाली येईल असा झोळ दिला. "का?" सिस्टरनी विचारलं. "वायरीवरून पाणी ओघळलं तर ते झोळातून खाली गळतं, सॉकेटात शिरत नाही." सिस्टरनी मान हलवली. हे त्यांना पटलं. पण मामांनी तापमापी हीटरच्या शेजारी चिकटवली, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच.

"हे काय? पेशंटच्या काखेत गरम पाण्याची पिशवी ठेवून ताप मोजणार?"

"जवळ पडते म्हणून लावली."

"लांब लावा. पार त्या टोकाला. हीटर समजेल पाणी तापलं, आणि माझे मासे तिकडे गारठतील."

मामांनी निमूट तापमापी दुसऱ्या टोकाला नेली. चूक दाखवणारा बरोबर असेल तर मामा वाद घालत नसत, एवढा गुण त्यांच्यात होता. फक्त तसं होतंय हे त्यांना फार क्वचित वाटायचं.

मग त्यांनी दिवस रचला. पहाटे आधी निळसर, त्यात लाल मिसळत जाणारा. दुपारी पांढरा, पण झाडांवर थोडा हिरवा जास्त. संध्याकाळी असा नारिंगी, की चंदेरी मासे तांब्याचे दिसावेत. खिडकीतला उजेड आपल्या रंगात लुडबुड करतो म्हणून पडदे कायमचे ओढून घेतले. आणि शेवटी, ताटं मांडायच्या वेळेला, नारिंगी अगदी भरात असताना, कडक ब्लॅकआउट.

"मासे आहेत ते," सिस्टर म्हणाल्या. "नट नाहीत."

"म्हणूनच तर चांगलं काम करतील."

पहिल्या संध्याकाळी दोघं टँकासमोर बसले. पाण्यात नारिंगी उतरलं, एंजलची जोडी त्यातून सावकाश निघाली आणि झाडाच्या पानांची सावली मागच्या काचेवर हलू लागली. सिस्टरनी खुर्ची काचेजवळ ओढली. मग म्हणाल्या, "छान आहे." सिस्टरच्या तोंडून 'छान' निघणं म्हणजे काय, हे ज्याने संसार केला त्यालाच ठाऊक. मामा त्या दिवशी भात जरा जास्तच जेवले.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. खालचा शिंपी आला, त्याची आई आली, वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर आले. खोलीतल्या खुर्च्या संपल्या, मग पलंग ओढला. मामा मागे भिंतीशी उभे राहायचे, हाताची घडी घालून. नारिंगी भरात यायचं, शिंप्याची आई "अगंबाई" म्हणायची, आणि खट्! अंधार. शिंप्याने पहिल्याच दिवशी टाळ्या वाजवल्या. मग रोजच वाजू लागल्या. मास्तर म्हणाले, "मामा, अंधार इतका वेळेवर मी आयुष्यात पाहिला नाही." मंडळी घरी जायची, मामा आणि सिस्टर आत जेवायला बसायचे, आणि बाहेरची खोली आपली काळोखात राहायची.

अशात एके दुपारी सिस्टरनी हाक मारली. "अहो! चप्पल काढून या."

मादी एका रुंद पानावरून वर सरकत होती आणि तिच्यामागे पानावर मोत्यासारखे बारीक दाणे रांगेने चिकटत होते. नर मागोमाग जाऊन पंख हलवत होता. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला होता. मामांनी बायकोला नाटकाच्या पहिल्या रांगेत बसवून भलीभली नाटकं दाखवली होती, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

सकाळी पान स्वच्छ. एक दाणा शिल्लक नाही.

"सकरने खाल्ली," सिस्टर म्हणाल्या. निकाल झटपट लागला. सकर माशाची रवानगी स्वयंपाकघरातल्या बादलीत झाली, सोबत हवेची एक नळी आणि पालकाचं पान. तो बिचारा बादलीची भिंत चाटत बसला.

काही दिवसांनी पुन्हा अंडी घातली. सकर नसताना, पाणी काचेसारखं असताना. आणि सकाळी पुन्हा पान स्वच्छ. सिस्टरनी नराला दोष दिला, मग मादीला, मग पाण्याला, मग स्वतःला. मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे जाऊन आल्या. तो म्हणाला, "सिस्टर, काहीतरी दचकवतंय त्यांना. एंजल दचकले की आपलीच अंडी खातात. घरात आवाज-बिवाज?"

झालं, घरात संचारबंदी लागली. मिक्सर बंद. कुकरच्या शिट्टीआधी गॅस बंद. दाराची घंटा काढली. मामा मोजे घालून चालू लागले, आणि शिंका आली की गॅलरीत धावू लागले. शिंप्याला सांगून गिऱ्हाइकांचं मोठ्याने बोलणं बंद करवलं. एवढं सगळं झालं, फक्त संध्याकाळचा खेळ तेवढा चालू राहिला, कारण त्याला आवाजच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

एक दिवस सिस्टर टँकाची काच पुसत होत्या. आधीच स्वच्छ असलेली काच पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मामांना ते बरं वाटलं नाही.

"आता एकदाच," त्या वळून न बघता म्हणाल्या. "या खेपेलाही गेली, तर जोडी दुकानदाराला परत देऊ. टँकही आवरून टाकू. रोज सकाळी उठून ते रिकामं पान बघायचं, माझ्याच्याने होत नाही हो."

खोलीतला तो कोपरा रिकामा होईल, हे एक झालं. पण इतक्या संध्याकाळी ज्या बाईने या काचेच्या पेटीशेजारी एकटीने काढल्या, तिने ती आवरून टाकू म्हणावं, आणि आपण शेजारीच असताना म्हणावं, हे त्यांना फार लागलं. त्यांनी तिच्या हातून फडकं घेतलं आणि ते स्वतःच काच पुसू लागले.

त्याच संध्याकाळी, मंडळी टाळ्या वाजवून गेल्यावर, जेवायला बसताना मामांच्या लक्षात आलं की चष्मा टँकाजवळ राहिला. ते विजेरी घेऊन बाहेर आले. त्यांच्या विजेरीच्या काचेवर निळा कागद लावलेला असायचा. नाट्यगृहातली सवय, म्हणजे हातातलं दिसतं पण उजेड लांब जात नाही. चष्मा उचलताना तो निळा उजेड टँकावर पडला. आणि मामा जागीच थबकले.

आत हलकल्लोळ चालला होता. नर काचेवर धडकला, वळला, पुन्हा धडकला. मादी पानाभोवती वेड्यासारखी गरगरत होती, दिसेल त्याला तोंड मारत होती. एक सुटलेलं पान वर तरंगत होतं, त्यालाही ती चावली.

मामा तिथेच वेताच्या मोड्यावर बसले. आयुष्यात त्यांनी ब्लॅकआउट किती केले याला हिशेब नव्हता, पण ब्लॅकआउटनंतर रंगमंचावर काय होतं ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. अंधार केला की त्यांचं काम संपायचं. अंधारात नट ठेचकाळतात, खुर्च्या पाडतात, एकमेकांच्या पायावर पाय देतात, हे ऐकून माहीत होतं, पण नटांना अंधार येणार हे आधीपासून माहीत असतं. या दोन जिवांना कुणी सांगितलंच नव्हतं. भर दुपारी कुणी आपल्या डोक्यावर पोतं टाकावं, तसं रोज त्यांच्यावर होत होतं. आणि वर टाळ्या.

ते आत गेले. सिस्टरनी ताटं वाढली होती.

"सिस्टर, गुन्हेगार सापडला."

"कोण?"

"मी."

त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, काही न लपवता. मामांनी घाबरत वर पाहिलं, तर सिस्टरच्या डोळ्यांत पाणी, आणि त्या खांदे हलवून हलवून हसत होत्या. हसू मावेना तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"घंटा काढली," त्या म्हणाल्या, "शिट्टी बंद केली, तुम्ही मोजे घालून चाललात..." आणि पुन्हा हसायला लागल्या. मग एकदम थांबल्या. "अगं बाई! तो सकर!"

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. दोघं जेवण टाकून उठले. सिस्टरनी बादलीतून सकरला जाळीत घेतला आणि टँकात सोडला. "चुकलं रे बाबा," त्या त्याला म्हणाल्या. मामांकडे बघून मात्र तसं काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन झाला. ती म्हणाली, "बाबा, ते आयतं बटण आहे ना, त्यात संध्याकाळ हळूहळूच होते." मामांनी नाइलाजाने बटण दाबलं. सिस्टरना टँकासमोर खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "उजेड कमी झालेला कळला, की 'आत्ता' म्हणायचं."

"आत्ता," सिस्टर म्हणाल्या. मग, "आत्ता." मग, "आणि आत्ता."

मामांना आतून गुदगुल्या झाल्या. आयता दिवस पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता, आणि शेवटी तर धप्पकन खाली बसत होता. आयत्या मालात हे असंच.

पण त्यांचीही गाडी इथेच अडली. जन्मभर त्यांनी उजेड बदलला तो लोकांना दिसावा म्हणून. बदल दिसला नाही तर दाद कशाला देतील? आता करायचा होता तो दिसू नये असा बदल. असलं काम त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळ लांबवली, चहाच्या वेळेपासून ताटं मांडेपर्यंत. पांढरा उतरायला लागला की त्याच्या आडून लाल थोडा चढवायचा. लाल उतरताना निळा चढवायचा. एकाची पायरी दुसऱ्याच्या सावलीत लपवायची. आणि पुरा अंधार कधीच नाही. निळा अगदी मंद, चांदण्याएवढा, रात्रभर ठेवायचा. रोज ते पेटीत काही तरी बदलायचे, रोज सिस्टर समोर बसायच्या, आणि रोज कुठेतरी पकडायच्या. "आत्ता." सलाइनच्या थेंबावर नजर ठेवून नोकरी केलेली बाई, तिच्या डोळ्यांतून काय सुटणार?

"तू मुद्दाम म्हणतेस," मामा एकदा चिडून म्हणाले.

"मी कशाला मुद्दाम म्हणू? दिसलं ते सांगितलं. आपलं ठरलंय ना तसं?"

ठरलं तर होतं. मामा पुन्हा पेटीकडे वळले.

असे काही दिवस गेले आणि एका दुपारी पानावर पुन्हा मोती दिसले.

संध्याकाळी शिंपी आणि मास्तर आले, तर मामा दारातच उभे. "खेळ बंद."

"का? काय झालं?"

"घरात बाळंतीण आहे."

मास्तरांनी वय आठवून मामांकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण शिंप्याला कळलं. त्याने मास्तरांचा दंड धरून त्यांना जिन्याकडे वळवलं.

रात्री चांदण्याएवढा निळा राहिला. सकाळी सिस्टर आधी उठल्या, पण टँकाजवळ गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही बघा." मामा मोजे घालून गेले. मोती जागच्या जागी होते. नर पंखाने वारा घालत होता आणि मादी खराब झालेली पांढरी अंडी तेवढी वेचून काढत होती. मामांनी मागे वळून नुसता हात वर केला, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मासे दचकले नाहीत.

पण नशीब एवढ्यावर सोडत नाही. त्याच दिवशी, उन्हं कलायला लागली होती, टँकात अजून पांढरा उजेड चांगला वर होता, आणि वीज गेली. पडदे ओढलेल्या खोलीत मिट्ट काळोख झाला. खट् असा, अगदी वेळेवर.

मामा खुर्चीतून उठले ते गुडघे आपले नसल्यासारखे. अंधारात मोडा आडवा आला, तो त्यांनी लाथाडला, आणि दोन्ही हातांनी पडदे भराभर बाजूला सारले. खिडकीतून उतरत्या उन्हाचा उजेड आत आला. टँकात नर एकदा काचेवर आदळला होता, तो थांबला. मादी पानासमोर आली, एक-दोन दाणे तिने तोंडात घेतलेच. मग हळूहळू शांत झाली.

"गेली?" सिस्टरनी दारातून विचारलं.

"थोडी. बहुतेक आहेत."

मामांनी लगेच पेटीचा प्लग ओढून काढला. वीज आली की ती पेटी आधी क्षणभर सगळे दिवे पूर्ण पेटवून बघते, हे त्यांना माहीत होतं. सिस्टरनी पाणी गार पडू नये म्हणून टँकाच्या मागच्या बाजूला घडी केलेलं ब्लँकेट लावलं आणि आपला जुना थर्मामीटर आत सोडला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून दोघं शेजारी शेजारी बसले.

बाहेर ऊन समोरच्या भिंतीवरून वर चढलं, छपरावरून गेलं. आकाश पिवळं होतं, मग कधीतरी राखाडी झालं. मामा टक लावून बघत होते. पिवळ्यातून राखाडी कुठे सुरू झालं ते पकडायला गेले, तर ते आधीच झालेलं असायचं. ते स्वतःशीच हसले.

"काय झालं?" सिस्टर म्हणाल्या.

"किती साधं करतो बघ. आणि एकही टाळी घेत नाही."

वीज आली तेव्हा बाहेर पुरता अंधार पडायचा होता. मामांनी झाकण उचलून पट्ट्यांखालच्या काचेवर चादरीची जाड घडी पसरली, प्लग लावला. घडीवर दिवे एकदा भरून पेटले आणि चांदण्यावर आले. मग दोघांनी चादरीची दोन टोकं धरली आणि ती बोटाबोटाने मागे सरकवली, श्वास रोखून. शिंप्याने दारातून डोकावून पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं की म्हातारा-म्हातारी चादर पळवून नेताहेत. चादर पूर्ण निघाली. मासे जागचे हलले नाहीत.

पुढच्या दिवसांत मोत्यांना शेपट्या फुटल्या. पानावर त्या थरथरत राहायच्या. एकदा नराने त्यातली काही पिल्लं तोंडात घेतली आणि सिस्टर किंचाळल्या, "खाल्ली! मेल्याने खाल्ली!" पण तो दुसऱ्या पानावर गेला आणि ती एकेक करून तिथे ठेवून आला. जागा बदलत होता, बाळाची दुपटी बदलतात तसा. सिस्टरनी त्याची उघड माफी मागितली, आणि "असे बाप वॉर्डात कमीच बघितले" असं वर म्हणाल्या. त्यांनी एका उलट्या बाटलीत मिठाच्या पाण्यात पिल्लांसाठी बारीक किडे उबवायला ठेवले होते. त्या बाटलीकडे दर थोड्या वेळाने एक फेरी व्हायची.

आणि मग एके दुपारी पिल्लं सुटली. पान रिकामं झालं, आणि पानासमोर पाण्यात धुळीसारखा एक ढग तरंगू लागला. प्रत्येक कण हलत होता. मादी पुढे सरकली की ढग तिच्यामागे, नर वळला की त्याच्या बाजूला. एखादं पिल्लू भरकटलं, तर नर त्याला तोंडात घेऊन परत ढगात थुंकायचा.

चहाची वेळ झाली. दोघं टँकासमोर बसले. सिस्टर कोपर गुडघ्यावर टेकून पुढे वाकल्या होत्या. पेटीतला पांढरा उतरायला लागला, तो मामांना दिसला, कारण तो त्यांनीच रचला होता. ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. आता म्हणेल. लाल आडून चढला. आता नक्की म्हणेल. सिस्टरच्या ओठांवर हसू होतं आणि त्या काचेसमोर बोटाने, काचेला न लावता, एका भरकटलेल्या पिल्लाच्या मागे मागे जात होत्या. लाल उतरला, निळा वर आला. रोज जिथे हमखास पकडायच्या ती जागा आली आणि गेली. मामांनी श्वाससुद्धा सोडला नाही. ढग पानांखाली जमला, जोडी त्याच्या दोन्ही बाजूंना स्थिर झाली, आणि टँकात चांदणं उरलं.

तेव्हा कुठे सिस्टर सरळ झाल्या. त्यांनी भोवतालच्या मंद निळ्या खोलीकडे जरा गोंधळून पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "संध्याकाळ कधी झाली?"

आयुष्यभर टाळ्या ऐकल्या होत्या, पण अशी दाद मामांना कधी मिळाली नव्हती.

"आत्ता," ते म्हणाले.